लॉज निवडून देणाऱ्या मॅडम

आमच्या ऑफिसात गिऱ्हाइकाला पहिल्या भेटीत होकार मिळत नसे. मुलुंड पश्चिमेला, पाच रस्त्याजवळच्या एका जुन्या इमारतीत, खाली फरसाणाचं दुकान आणि वर आम्ही. दाराशी छोटी पाटी होती, तिच्यावर 'आफ्रिकन पाणथळ सफारी' एवढंच लिहिलेलं. फरसाण घ्यायला आलेली माणसं ती वाचून हसत. जिना चढून वर येणारी हसत नसत. ओकावांगोला जायचं असेल, म्हणजे समुद्र न गाठताच वाळवंटात पसरून संपणाऱ्या त्या नदीच्या पाण्यात एखाद्या महागड्या लॉजवर राहायचं असेल, तर मुलुंडच्या मॅडमना गाठा, असं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलेलं असे. पाठवतीलच असं नाही, हेही ऐकलेलं असे.

मॅडम तेव्हा साठीच्या पुढे होत्या. मूळच्या मालवणकडच्या, वडील गिरणीत, आणि स्वतः बरीच वर्षं एका विमान कंपनीच्या तिकीट खिडकीवर बसलेल्या. लग्न केलं नव्हतं. मातकट, खाकी किंवा शेवाळी रंगाची सुती साडी आणि खाली कॅनव्हासचे बूट, हा त्यांचा बारा महिन्यांचा वेष. पांढरा शर्ट घालून आलेल्या गिऱ्हाइकाला त्या आधी शर्टावरून बोलत आणि मग बसा म्हणत. स्वतः मात्र गिऱ्हाइकासमोर कधी बसत नसत. खिडकीला टेकून उभ्या राहत.

त्यांचे प्रश्न ऐकून माणसं गोंधळत. बजेट किती, कधी जायचं, हे त्या विचारतच नसत, ते काम माझं. त्या विचारत, तुमच्या घरात रात्री शेवटचा दिवा कोण बंद करतं? नवरा-बायको एकमेकांकडे बघायला लागत. गेल्या वर्षभरात सगळ्यात जास्त कशाला घाबरलात? शेवटचं कोणावर चिडला होतात, आणि नंतर किती वेळ बोलला नाहीत? एका हिऱ्याच्या व्यापाऱ्याने वैतागून विचारलं होतं की मी तुमच्याकडे खोली घ्यायला आलोय की मुलगी मागायला. त्यावर मॅडम शांतपणे म्हणाल्या की मुलगी लवकर दिली असती.

तिथल्या सगळ्या लॉजवर, म्हणजे महागड्या तंबूंच्या कॅम्पवर, त्या स्वतः राहून आलेल्या होत्या. कुठल्या तंबूपासून जेवणाची जागा लांब पडते, कुठल्या डेकखाली पाणघोडा येऊन बसतो, कुठला मॅनेजर पाहुण्याला खरं सांगतो आणि कुठला गोड बोलतो, हे सगळं त्यांना पाठ होतं. माहितीपुस्तकातल्या तांब्याच्या टबावर त्यांचा विशेष राग. आंघोळ करायला आफ्रिकेत कशाला जाता, मुलुंडला पाणी येतं की, असं म्हणून त्या ते पान उलटून टाकत. नव्या जोडप्यांना तर त्या सरळ परत पाठवत. एकमेकांना बघायचंय ना, मग महाबळेश्वर पुरे.

कुंपणाचा प्रश्न प्रत्येक जण विचारी. त्या पाण्यातल्या कॅम्पना कुंपण नसतं, जनावरं तंबूंमधून ये-जा करतात. मॅडम म्हणत की आमच्या सोसायटीला आहे कुंपण, बिबट्या त्याच्यावरून उडी मारून येतो. खोटं नव्हतं ते. मॅडम मुलुंडच्या डोंगराच्या पायथ्याशी राहत, आणि त्यांच्या वॉचमनच्या मोबाइलमध्ये तो बिबट्या आहे, पार्किंगमधून रमतगमत जाणारा.

माझी मुलाखतही त्यांनी तशीच घेतली होती. मी घाटकोपरची, आधी एका कॉल सेंटरमध्ये होते. शेवटचा दिवा कोण बंद करतं, असं मलाही विचारलं. मी म्हटलं मीच, कारण बाबांची ड्युटी रात्रीची असते आणि आईला अंधारात झोप येत नाही, ती झोपल्यावर मी बंद करते. त्यांनी खिडकीकडून वळून माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं आणि म्हणाल्या, सोमवारपासून ये.

टेबलाच्या खणात बिस्किटांचा एक जुना डबा होता. त्यात मालवणी खाजं असे, आल्याचा तिखट-गोड वास येणारं. गिऱ्हाइकाला पाठवायचं असं मॅडमनी मनात ठरवलं की तो डबा बाहेर येई. डबा उघडला की मी कॅम्पला ईमेल लिहायला घेई. तोंडाने त्या होकार असा द्यायच्याच नाहीत.

आणि त्याआधी पवईचा तलाव. ही त्यांची सगळ्यात विचित्र पद्धत होती. कितीही मोठा माणूस असो, बुकिंगच्या आधी त्या त्याला संध्याकाळी पवईच्या तलावाकाठी नेत आणि अर्धा तास गप्प बसायला सांगत. फोन माझ्याकडे द्यायचा, बोलायचं नाही, उठायचं नाही. तलावात मगरी आहेत हे बहुतेकांना ठाऊक नसतं, ते त्या बसल्यावर सांगत. मॅडम पाण्याकडे बघत आणि मला सांगून ठेवलेलं असे की तू गिऱ्हाइकाकडे बघायचं. कोण चुळबुळतं, कोण बायकोचा हात झटकतो, कोण झोपतं. रिक्षातून परतताना मी ते त्यांना सांगायचं. त्यावरून त्या ठरवत की हा माणूस भर पाण्यातल्या शांत कॅम्पवर टिकेल, की त्याला गाड्या, माणसं आणि संध्याकाळची शेकोटी असलेला कोरड्या बेटावरचा कॅम्प बरा. मी हसायचे सुरुवातीला. मग एकदा एका बाईंना त्यांनी पाण्यातला कॅम्प नाकारला, त्या दुसऱ्याकडून गेल्या, आणि पहिल्याच संध्याकाळी घाबरून विमान मागवून परतल्या. तेव्हापासून हसणं बंद केलं.

हे सगळं मी गमतीने सांगतेय, पण मॅडमचं नाव निघालं की मला गंमत आठवत नाही. मला आप्पा आठवतात.

आप्पा आणि त्यांची मुलगी मुग्धा चेंबूरहून आले होते. आप्पा पाणीपुरवठ्याच्या कामातले निवृत्त इंजिनिअर, पंचाहत्तरीचे, उंच, इस्त्रीचा खाकी शर्ट घातलेले. मॅडमनी शर्ट बघून मान डोलावली. मुग्धा पवईच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती, चाळिशीची, एकटी, वडिलांबरोबर राहणारी. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. चेंबूरचा त्यांचा जुना बंगला पुनर्विकासाला गेला होता, तेव्हा खर्चाची चिंता नव्हती. आप्पांना आयुष्यभर ती नदी बघायची होती. ज्याने सगळी नोकरी पाणी इकडून तिकडे पोचवण्यात घालवली त्याला कुठेही न पोचणारी नदी बघायची असते, असं ते म्हणाले, आणि मॅडम चक्क हसल्या.

कुठला लॉज तेही त्यांनी स्वतःच शोधून आणलं होतं. सगळ्यात आतला, सगळ्यात महाग. प्रत्येक तंबू पाण्यावर लाकडी डेकवर, एकमेकांपासून लांब, तिथे फक्त बोटीने जाता येतं.

पहिली भेट छान चालली होती. मॅडमनी नेहमीप्रमाणे कॅम्पचे नियम सांगितले. अंधार पडल्यावर एकट्याने तंबूबाहेर पडायचं नाही, मदत लागली तर भोंगा वाजवायचा. मग त्या ते गिऱ्हाइकाकडून वदवून घेत. मुग्धाने सांगितले. आप्पांची पाळी आली तेव्हा ते थांबले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, परत ठेवला. मुग्धा घाईघाईने म्हणाली की आप्पांना सकाळपासून जरा थकवा आहे. मॅडमनी पुन्हा नियम सांगितले. पुन्हा तेच झालं, आणि मुग्धा पुन्हा त्यांच्या वतीने बोलली.

मला वाटलं इथेच संपलं. पण मॅडमनी नकार दिला नाही. आप्पांना तुमचे काही प्रश्न आहेत का म्हणून विचारलं. त्यांना प्रश्न होते, आणि ते त्यांच्या नीट लक्षात होते. रखवालदार रात्रभर जागे असतात का. तंबूची चेन आतून उघडते ना. डेकच्या खाली पाणी किती खोल. आणि मुलीसाठी वेगळा तंबू घ्यायचा, त्यांचा मात्र टोकाचा हवा.

मॅडम सगळ्याची उत्तरं देत होत्या. बोलता बोलता त्यांनी खण उघडला आणि डबा बाहेर काढला. मी ईमेल उघडला. मुग्धा खुशीत येऊन म्हणाली की आप्पा या सहलीमुळे इतके उत्साहात आहेत, महिनाभर कपाटं आवरतायत, पुस्तकं सगळी वाटून टाकली, घड्याळसुद्धा शेजारच्या मुलाला देऊन टाकलं.

मॅडमचा हात डब्याच्या झाकणावर तसाच राहिला. मग त्यांनी तो डबा उचलला आणि परत खणात ठेवला. म्हणाल्या, उद्या संध्याकाळी पवईला भेटू, फक्त आप्पांनी यायचं.

पवईला त्या दिवशी वारा नव्हता. आप्पा इतके स्थिर बसले की मी आजवर कुणाला तसं बसलेलं पाहिलं नव्हतं. पापणीसुद्धा हलत नव्हती. ते बघून मला बरं वाटायला हवं होतं, पण भीती वाटायला लागली. अर्धा तास व्हायच्या आधीच मॅडम बोलल्या. पाण्याकडे बघतच.

"आप्पा, तुम्हाला तिथून परत यायचंय का?"

आप्पांनी विचारलं की मुग्धाला सांगितलंत का. मॅडम म्हणाल्या, नाही.

मग ते बोलायला लागले, एखाद्या कामाचा अहवाल द्यावा तसे. त्यांना डिमेन्शिया सुरू झालाय हे त्यांना ठाऊक होतं. मुग्धाला वाटे की त्यांना ठाऊक नाही, डॉक्टरांना तिने न सांगण्याची विनंती केली होती. पण गोळ्यांची नावं वाचता येत होती त्यांना. त्यांच्या मोठ्या भावाला हेच झालेलं. भाऊ शेवटी स्वतःच्या मुलाला चोर समजून काठी उगारायचा. ते आप्पांनी वर्षानुवर्षं जवळून बघितलं होतं. तिथे काही झालं तर तो अपघात ठरेल, ते म्हणाले. जंगलात होतात अपघात. मुलीवर ठपका येणार नाही, आणि नदी बघून झालेली असेल.

मला उठून जावंसं वाटत होतं. मॅडम मात्र रडल्या नाहीत, समजूतही घातली नाही. त्यांनी तंबूवर सोडायला येणाऱ्या रखवालदाराबद्दल सांगायला सुरुवात केली. त्या लॉजवर त्यांना रोज सोडायला येणारा माणूस, त्याचं गुडघ्याचं दुखणं, त्याच्या तीन मुली. "मुग्धावर ठपका येणार नाही, खरं आहे. त्याच्यावर येईल. आणि तुम्हाला शोधायला पाण्यात तोच उतरेल, आप्पा. दुसरं कोणी नाही उतरणार. मगर काय त्याला ओळखत नाही."

आप्पांनी पहिल्यांदा पाण्यावरची नजर काढली आणि मॅडमकडे बघितलं. हा माणूस त्यांच्या हिशेबात नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि कितीतरी वेळ पुसतच राहिले.

रिक्षात मी मॅडमना म्हटलं की आता सरळ नाही म्हणून टाका. माझा आवाज चढला असणार, कारण रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. त्या म्हणाल्या, नाही म्हटलं तर हा माणूस दुसऱ्याकडून जाईल, आणि तो दुसरा काही विचारणार नाही. मी म्हटलं मग मुलीला सांगा. त्या म्हणाल्या, मी नाही सांगणार, त्यांनी सांगायचं.

आणि त्यांनी ते आप्पांकडून करवून घेतलं. दोन दिवसांनी दुपारी दोघं ऑफिसात आले. मॅडमनी मला दार लावून आतच थांबायला सांगितलं. आप्पांनी आधी आजाराचं सांगितलं. ते सांगितल्यावर मुग्धा त्यांचा हात धरून रडायला लागली, तिला ते एकप्रकारे ओझं उतरल्यासारखं झालं असावं. मग त्यांनी दुसरं सांगितलं. तेव्हा तिने हात सोडला. टेबलाच्या काचेखाली नकाशा होता, ती नुसती त्याकडे बघत राहिली.

"कपाटं यासाठी आवरत होतात?"

आप्पांनी मान हलवली. ती उठली आणि मॅडमवर वळली. हे सगळं ऐकूनही तुम्ही आम्हाला तिकडे पाठवणार आहात का, असं तिने विचारलं. मॅडम म्हणाल्या, जायचं की नाही ते तुम्ही दोघं ठरवा. गेलात तर कुठे राहायचं ते मी सांगेन. मुग्धा वडिलांना घेऊन निघून गेली. दार इतक्या जोरात आपटलं की खालचा फरसाणवाला वर बघायला आला.

ती परत येणार नाही, याची मला खात्री होती. पण त्या दिवसांत जिन्यावर पावलं वाजली की मॅडम खिडकीकडून दाराकडे वळत.

मुग्धा एकटी आली. ऑफिसमधून मधल्या वेळात आली होती, गळ्यात ओळखपत्र तसंच. तिने सांगितलं की तिने घरातल्या खिडक्यांना जाळ्या बसवल्या, गच्चीचं कुलूप बदललं, गोळ्या स्वतःजवळ ठेवल्या, नव्या डॉक्टरांनाही दाखवून आणलं. आप्पा आता त्यांच्याशी सगळं बोलतात, आणि तिच्याशी भांडतही नाहीत. फक्त ती खोलीत आली की ते जेलर आल्यासारखे सावरून बसतात. "मॅडम, मला त्यांच्याबरोबर कुठेतरी जायचंय. त्यांच्यावर पहारा न देता. थोडे दिवस तरी." मग म्हणाली की डॉक्टर हो म्हणालेत, पण कुठे राहायचं ते जपून निवडायला सांगितलंय, ते तुम्ही ठरवा. आप्पांनी तिला तिथून परत येण्याचा शब्द दिला होता. त्यांचा शब्द त्यांच्या लक्षात राहील का, एवढंच तिला माहीत नव्हतं.

तो लॉज निवडताना मॅडमनी जे केलं ते मी विसरणार नाही. इतर वेळी त्या तासाभरात ठरवत. या वेळी कितीतरी दिवस ऑफिसच्या जमिनीवर कागद पसरलेले होते आणि त्या कॅनव्हासचे बूट काढून त्यांच्या मधून फिरत होत्या. पाण्यावरचे सगळे डेक आधी बाद. मग एक सुंदर कॅम्प बाद, कारण तिथे तंबूला दोन दारं होती. एक बाद, कारण धावपट्टीपासून दोन तास बोट. एकाचा मॅनेजर गोड बोलणारा. एक मी सुचवला, तर त्या म्हणाल्या की तिथे जेवायला सगळे एका लांब टेबलावर बसतात, आप्पा एखादं नाव विसरले तर सगळ्यांसमोर विसरतील. त्या वेळी मला कळलं की त्या नुसता धोका मोजत नव्हत्या.

शेवटी ठरला तो कॅम्प एका कोरड्या बेटावर होता. लॉज म्हणून तोही राजेशाहीच, तांब्याचा टब होताच. पण दोन खोल्यांचा एकच मोठा तंबू आणि त्याला एकच दार, मुग्धाच्या खोलीतून. धावपट्टी जवळ. आणि तिथल्या मॅनेजर बाईंच्या आईला हाच आजार होऊन गेलेला. त्यांनी एकदा मॅडमना शेकोटीजवळ ते सांगितलं होतं. मॅडमनी आप्पांची परवानगी घेऊन त्या बाईंना फोनवर सगळं सांगितलं. सगळं म्हणजे पवईचंही. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, पाठवा.

डबा त्या दिवशी उघडला. मॅडमनी आप्पांच्या हातावर स्वतः खाजं ठेवलं.

मेच्या अखेरीला ते गेले. लांबच्या डोंगरांत पडलेल्या पावसाचं पाणी त्या सुमाराला वाळूतून सरकत सरकत तिथे पोचतं. मुग्धाचे रोज निरोप येत. आप्पांनी हत्ती बघितले. आप्पा लाकडी होडीत बसले, आणि होडी ढकलणाऱ्याला पाण्याच्या उताराबद्दल इतके प्रश्न विचारले की तो दमला. आप्पा हसले. मॅडम ते निरोप उभ्यानेच वाचत आणि फोन मला परत देत. त्या दिवसांत त्यांनी नवीन गिऱ्हाईक घेतलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी, इथे संध्याकाळ होत आली होती, तिकडे दुपार, मुग्धाचा फोन मॅडमच्या मोबाइलवर आला. जेवणानंतर तिचा डोळा लागला होता. दार तिच्याच खोलीतून होतं, तरी आप्पा तिला न उठवता बाहेर पडले होते. तंबूत नव्हते, जेवणाच्या जागी नव्हते.

त्याच वेळी माझ्या फोनवर मॅनेजर बाई आल्या. त्या शांत बोलत होत्या, पण धावत होत्या हे श्वासावरून कळत होतं. सगळ्या बोटी जागेवर होत्या, हे त्यांनी आधी सांगितलं. माणसं दोन दिशांना पाठवली होती. मी मॅडमना एकेक वाक्य सांगत होते आणि त्या मुग्धाशी बोलत होत्या. मुग्धाचा आवाज मला इथपर्यंत ऐकू येत होता. ती एकच वाक्य परत परत म्हणत होती, त्यांनी मला शब्द दिला होता.

मॅडमनी तिला सांगितलं की आधी तंबूत परत जा आणि बघ, त्यांचे बूट आहेत का. बूट नव्हते. दुर्बीण? तीही नव्हती. "आणि टोपी? टोपी बघ."

टोपीही नव्हती.

मॅडमनी डोळे मिटले. "टोपी घेऊन गेलेत, म्हणजे ऊन लागू नये असं वाटतंय त्यांना. ऐकतेयस का? ज्याला ऊन टाळायचंय तो परत यायला गेलाय. वाट चुकले असतील. आता बाईंबरोबर राहा."

त्यांचा आवाज इतका ठाम होता की माझाही विश्वास बसला. पण त्यांनी फोन खाली ठेवला आणि त्या भिंतीला टेकल्या, तेव्हा मी बघितलं की त्यांना स्वतःला ते खरं वाटत नव्हतं. जिन्यावरून एक जोडपं वर आलं, त्यांची वेळ ठरलेली होती. मी दारातूनच त्यांना उद्या या म्हणाले. खाली दुकानात तेलात काहीतरी पडल्याचा आवाज येत होता आणि तळणाचा वास वर येत होता. आम्ही दोघी फोनकडे बघत उभ्या होतो. मॅडम एकदा म्हणाल्या, मी चुकले असेन तर?

मग बाईंचा फोन आला. आप्पा दिसले होते. पण आणता येत नव्हतं, कारण ते आणि गाइड एका बाजूला आणि कॅम्प दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये पिल्लांसह हत्तिणी उभ्या होत्या. गाइडने त्यांना वारुळाआड बसवलं होतं. हलायचं नाही, बोलायचं नाही. मी हे सांगितलं तेव्हा मॅडमनी फक्त विचारलं, बसलेत का नीट? मी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, गाइडचा वायरलेसवर निरोप आहे की म्हातारबुवा दगडासारखे बसलेत.

कळप सरकायला बराच वेळ लागला. इथे दिवे लागले. आप्पा कॅम्पवर पोचल्याचा निरोप आला तेव्हा मॅडम गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या. त्या खुर्चीत मी त्यांना आधी कधी बघितलं नव्हतं. बूट काढले आणि म्हणाल्या, "पाणी दी गो." ग्लास दोन्ही हातांनी धरून त्या प्यायल्या.

आप्पा कुठे गेले होते ते नंतर मुग्धाने इथे येऊन सांगितलं. कॅम्पच्या मागे एक कोरडा वाळूचा ओढा होता आणि त्या दुपारी पुराचं टोक त्यात शिरलं होतं. हे पाणी लाटेसारखं येत नाही, माणूस त्याच्या पुढे सावकाश चालू शकतो. आप्पा त्याच्या पुढे चालत होते. पाणी जिथवर येई तिथे वाळूत एक काडी रोवत, थांबत, पुन्हा पुढे जात. गाइडला अशा कितीतरी काड्या दिसल्या, आणि त्या काड्यांवरूनच तो त्यांच्यापर्यंत पोचला. आप्पांना कॅम्प कुठल्या बाजूला हे आठवत नव्हतं, पण ते घाबरलेले नव्हते. का गेलात म्हणून मुग्धाने विचारलं तर म्हणाले, पाणी कुठवर आलंय बघत होतो. तिने त्यांना शब्दाची आठवण दिली. कुठला शब्द, असं त्यांनी विचारलं. ते सांगताना मुग्धा रडली नाही. ती म्हणाली, मॅडम, त्यांना शब्द आठवत नाही, आणि तो कशासाठी घेतला होता तेही आठवत नाही. दोन्ही गेलं.

त्यानंतर मॅडम पुन्हा पूर्वीसारख्याच गिऱ्हाइकांना उभं-आडवं घेत राहिल्या. फक्त रविवारी त्या चेंबूरला जायला लागल्या. मला वाटे मुग्धाला थोडी मोकळीक मिळावी म्हणून जात असतील. एका रविवारी त्या मलाही घेऊन गेल्या.

आप्पा खूप वाळले होते. आम्हाला त्यांनी ओळखलं नाही, पण स्वागत केलं. मॅडमनी पिशवीतून माहितीपुस्तकं काढून त्यांच्यासमोर पलंगावर पसरली. आप्पांनी चष्मा लावला. आपण तिथे जाऊन आलो आहोत, हे त्यांच्या गावीही नव्हतं. ते एकेक पान उलटत होते, प्रश्न विचारत होते, मॅडम उत्तरं देत होत्या. धावपट्टी किती लांब. पाणी कुठल्या महिन्यात येतं. हा नको, फार आत आहे. हा बरा वाटतो, पण मुलीला विचारायला हवं. मुग्धा चहा घेऊन आली आणि पलंगाच्या कडेवर टेकली. आप्पांनी तिला दोन फोटो दाखवले आणि तुला कुठला आवडला म्हणून विचारलं. ती डावीकडचा म्हणाली. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, घाई नको, पुढच्या खेपेला ठरवू. मॅडमनी सगळी पुस्तकं गोळा करून पिशवीत भरली आणि बरं म्हणाल्या.

खाली येऊन रिक्षाची वाट बघताना मी त्यांना विचारलं की दर रविवारी हेच का. दर वेळी तेच फोटो, तेच प्रश्न, आणि बुकिंग तर कधीच होणार नाही.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. प्रश्न मूर्खपणाचा असल्यासारखं.

"गिऱ्हाईक आसा गो," त्या म्हणाल्या. "अजून ठराक नाय त्येंचा."